वळणे, वाकणे, फिरणे: इंग्रजी शब्दांच्या कसोटीवर रॉजे यांचा थिसॉरस

पीटर मार्क रॉजे यांचा थिसॉरस, म्हणजे अर्थानुसार लावलेला इंग्रजी शब्दसंग्रह, १८५२ साली लंडनच्या लाँगमन या प्रकाशनसंस्थेने प्रथम छापला आणि तेव्हापासून आजपर्यंत तो निरनिराळ्या संपादकांच्या हातून सुधारत, वाढत सतत छापला जात आहे. इतक्या जुन्या आणि नावाजलेल्या ग्रंथाची सरसकट स्तुती करण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा शब्दांचा एखादा अवघड मुलूख निवडून तिथे हा ग्रंथ कसा उतरतो हे पाहणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे. मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते, आणि त्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ हालचालींच्या शब्दांवर जातो, त्यातही वळण्याच्या, वाकण्याच्या, पिळण्याच्या आणि गरगर फिरण्याच्या. मराठीत गिरकी, वळसा, वेटोळे, हेलकावा, घिरटी, पीळ, मुरड, बाक असे शब्द हाताशी असतात आणि त्यांची जागा आपल्याला विचार न करता कळते. इंग्रजीतही असे शब्द भरपूर आहेत, पण परक्या भाषेत ते एकसारखेच दिसू लागतात, आणि मग सगळीकडे 'टर्न' लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. हे परीक्षण तेवढ्या एका कसोटीपुरते आहे.

प्रथम मांडणीविषयी, कारण या ग्रंथाचे सारे बळ मांडणीत आहे. नेहमीच्या शब्दकोशात शब्द माहीत असतो आणि अर्थ शोधायचा असतो. इथे अर्थ मनात असतो आणि शब्द शोधायचा असतो. मूळ आवृत्तीत एक हजार क्रमांकित विषय आहेत आणि ते सहा वर्गांत विभागले आहेत: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छा आणि भावना. वळण्यावाकण्याचे बहुतेक शब्द दुसऱ्या, म्हणजे अवकाशाच्या वर्गात येतात. या वर्गात रॉजे यांनी आकार आणि गती यांचे दोन वेगळे विभाग केले, म्हणजे वळलेल्या वस्तूचे शब्द एका ठिकाणी आणि वळणाऱ्या वस्तूचे शब्द दुसऱ्या ठिकाणी. वरवर पाहता ही साधी सोय वाटते. प्रत्यक्षात अनुवादकाला सर्वप्रथम जो प्रश्न स्वतःला विचारावा लागतो तोच हा आहे: रस्ता वळला आहे की गाडी वळते आहे? मराठीत 'रस्ता डावीकडे वळतो' आणि 'बैल डावीकडे वळतो' या दोन्ही वाक्यांना एकच क्रियापद चालते. इंग्रजीत 'टर्न' दोन्हीकडे चालत असले, तरी 'कर्व्ह' रस्त्याला जितके शोभते तितके बैलाला शोभत नाही, आणि 'स्वर्व्ह' बैलाला शोभते पण रस्त्याला सहसा नाही.

आकाराच्या विभागात २४५ व्या क्रमांकावर 'कर्व्हेचर' आहे, म्हणजे साधा बाक. त्याच्यासमोर, छापील पानावर शेजारच्या स्तंभात, २४६ वा विषय सरळपणाचा. विरुद्ध कल्पना अशा जोडीने मांडण्याची रॉजे यांची पद्धत ग्रंथभर आहे. पुढे २४७ वर साधे वर्तुळ आणि २४८ वर 'कॉन्व्होल्यूशन', ज्याचे स्पष्टीकरण स्वतः रॉजे यांनी 'गुंतागुंतीचा बाक' या अर्थाच्या शब्दांत दिले आहे. कमानीचा बाक २४५ मध्ये, सापाचे वेटोळे २४८ मध्ये. 'बेंड', 'आर्च', 'बो', 'लूप', 'स्वीप', 'सॅग' हे पहिल्या घरचे शब्द, तर 'वाइंड', 'ट्वाइन', 'कॉइल', 'मिअँडर', 'अंड्युलेट', 'रीद' हे दुसऱ्या घरचे. पिळून आकार बिघडणे याला 'डिस्टॉर्शन' नावाचे २४३ क्रमांकाचे वेगळे घर आहे. तिथे 'कंटॉर्ट', 'वॉर्प', 'राइद' भेटतात. घडी आणि चुणी २५८ वर. फळी उन्हाने वाकडी झाली तर 'वॉर्प', कागद दुमडला तर 'फोल्ड', लोखंडी सळई वाकवली तर 'बेंड': मराठीतही आपण हे वेगळे करतोच, पण इंग्रजीत ते कुठे वेगळे होतात हे या चार-पाच विषयांवरून नजर फिरवली की एका बैठकीत कळते, आणि एकेक शब्द शब्दकोशात पाहून ते कधीच कळत नाही.

२४८ वा विषय मला विशेष आवडतो. त्यात 'सर्कमबेंडिबस' नावाचा एक शब्द आहे, जो इंग्रजी 'बेंड'ला पुढेमागे लॅटिन वेश चढवून कोणीतरी गमतीने घडवला आणि भाषेत रुजला. त्याच यादीत 'ॲम्बेजेस' आहे, म्हणजे आपले आढेवेढे. रस्त्याचे वळण आणि बोलण्याचे वळण एकाच पंगतीत बसलेले पाहिले की आपल्याकडच्या 'आडवळणाने बोलणे' या प्रयोगाची आठवण होते. दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग धरला आहे आणि अशी जुळणी दिसली की अनुवादकाला धीर येतो.

गतीच्या विभागात कसोटी खरी सुरू होते. २७९ वर 'डीव्हिएशन', म्हणजे वाट सोडून बाजूला होणे. त्यानंतर बऱ्याच अंतराने ३११ पासून ३१५ पर्यंत पाच विषय ओळीने येतात आणि त्यांच्या नावांपाशी रॉजे यांनी दिलेली छोटी स्पष्टीकरणे भूमितीच्या पुस्तकासारखी नेमकी आहेत. 'सर्क्युइशन' म्हणजे वक्ररेषेतली गती. 'रोटेशन' म्हणजे अखंड वर्तुळातली गती. 'इव्होल्यूशन' म्हणजे उलट वर्तुळातली गती. 'ऑसिलेशन' म्हणजे मागेपुढे होणारी गती. 'ॲजिटेशन' म्हणजे अनियमित गती. यापैकी तिसरा शब्द आजच्या वाचकाला चकवतो, कारण तो पाहताच उत्क्रांती आठवते. इथे त्याचा अर्थ जुना आहे, गुंडाळी सोडवण्याचा. 'अनरोल', 'अनकॉइल', 'अनट्विस्ट', 'अनफर्ल' हे त्याचे सोबती. डार्विन यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ चा, थिसॉरस त्याच्या सात वर्षे आधीचा. गुंडाळणे आणि उलगडणे, पीळ घालणे आणि पीळ काढणे ही जोडी समोरासमोर बसवणे मला फार योग्य वाटते. दोरी वळणाऱ्याला दोन्ही शब्द लागतात.

आता एक वाक्य घेऊ. 'समोर म्हैस आली म्हणून चालकाने गाडी झटकन डावीकडे घेतली, पण मग ती डावीकडेच जात राहिली आणि घाटाच्या कठड्याला घासली.' या वाक्यात डावीकडे जाणे दोनदा येते आणि दोन्ही वेळा ते निराळे आहे. पहिले झटक्याचे, कशाला तरी चुकवण्यासाठी केलेले. दुसरे नियंत्रण सुटल्यासारखे, दिशा बदलून त्याच दिशेने जात राहण्याचे. थिसॉरसमध्ये २७९ उघडले की 'टर्न', 'स्वर्व्ह', 'व्हिअर', 'शाय', 'डॉज', 'टर्न असाइड', 'स्टिअर क्लिअर ऑफ', 'ड्रिफ्ट', 'यॉ' हे सारे एका परिच्छेदात मिळतात. म्हणजे उत्तर पानावर आहे: पहिल्या जागी 'स्वर्व्ह', दुसऱ्या जागी 'व्हिअर'. परंतु ते उत्तर का आहे हे पान सांगत नाही. 'स्वर्व्ह' हा अचानकपणाचा आणि बहुधा काहीतरी टाळण्याचा शब्द आहे, 'व्हिअर'मध्ये नवी दिशा धरणे महत्त्वाचे आहे, 'शाय' हा मुख्यतः घोडा दचकून बाजूला होतो त्याचा शब्द आहे, आणि 'डॉज' माणसाच्या चपळाईचा. हे सर्व ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच ही यादी पूर्णपणे वापरता येते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून 'द बस शाइड' असे काहीतरी लिहिले जाण्याचा धोका आहे, आणि ग्रंथ त्याला अडवणार नाही.

हा दोष छोटा नाही आणि तो नौकानयनाच्या शब्दांत सर्वांत उघडा पडतो. त्याच २७९ व्या विषयात 'टॅक', 'जाइब' आणि 'वेअर' आहेत. शिडाचे जहाज वारा येतो तिकडे तोंड फिरवत, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, वारा ओलांडून बाजू बदलते ते 'टॅक'. पाठीमागून वारा घेऊन, मागच्या टोकाकडून तो ओलांडत बाजू बदलते ते 'जाइब', ज्याला चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांवर 'वेअर' म्हणत. या दोन कृती एकमेकींच्या उलट आहेत आणि एकीऐवजी दुसरी लिहिली तर कथेतले जहाज भलत्याच बाजूला जाईल. आपल्या कोकणकिनाऱ्यावरील गलबतांविषयीचा मजकूर इंग्रजीत नेताना अशी चूक होणे अगदी शक्य आहे. 'व्हिअर'चीही अशीच एक तांत्रिक बाजू आहे: हवामानशास्त्रात वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बदलला तर तो 'व्हिअर' होतो आणि उलट दिशेने बदलला तर 'बॅक' होतो. यादीत शेजारी बसले म्हणून शब्द समानार्थी ठरत नाहीत ही गोष्ट रॉजे यांना पक्की ठाऊक होती; हा ग्रंथ इंग्रजी उत्तम जाणणाऱ्याला विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी आहे आणि शब्दांचे अर्थ समजावणे हे त्याचे काम नाही, अशीच त्याची घडण आहे. आपण परभाषिक वाचक त्याच्याकडून जास्त अपेक्षा करतो.

दुसरा प्रयोग नृत्याचा. कथकवरील मजकुरात 'तिने समेवर येताना अखेरची गिरकी घेतली' असे वाक्य आले तर ३१२ व्या, 'रोटेशन'च्या विषयात 'स्पिन', 'व्हर्ल', 'ट्वर्ल', 'व्हील', 'जायरेट' ही क्रियापदे आणि 'पिरुएट' हे नाम मिळते. नृत्याचा संदर्भ पाहून 'पिरुएट'वर उडी पडते, आणि तो शब्द इथे चुकीचा आहे. पिरुएट ही बॅलेतील गिरकी आहे, ती पायाच्या पुढच्या भागावर तोलून घेतात. कथकची चक्कर टाचेवर फिरते आणि तिचा तोल, तिची वेगाची जातकुळी आणि तिचे समेवर येऊन थांबणे सर्व वेगळे आहे. 'ट्वर्ल' हलका आणि लाडिक आहे. काठी फिरवणे, मिशीला पीळ देणे, मुलीने नवा परकर घालून स्वतःभोवती एकदा फिरणे, इथे तो छान बसतो. 'जायरेट'मध्ये कंबर हलवण्याची छटा आज इतकी घट्ट झाली आहे की शास्त्रीय नृत्याच्या वर्णनात तो टाळावाच. 'व्हर्ल'मध्ये वेग आहे, घेराच्या पोशाखाचे फुलणे आहे, पण थोडा बेभानपणाही आहे. 'स्पिन' हा अक्ष स्थिर ठेवून वेगाने फिरण्याचा स्वच्छ शब्द आहे, आणि चक्करदार तुकड्यातील नेमकेपणा सांगायचा असेल तर मी तोच घेईन. नर्तकीपेक्षा पाहणाऱ्याचे भान हरपणे सांगायचे असेल तर 'व्हर्ल'. थिसॉरस नसता तर मी 'टर्न'वर थांबले असते. यादीमुळे पर्याय समोर आले, निवड मात्र नृत्य पाहून करावी लागली.

तिसरे उदाहरण नदीचे. पंढरपुरापाशी भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजी वाचकाला ते एका वाक्यात सांगायचे असते. २४५ व्या विषयात 'क्रेसेंट' आणि 'हाफ-मून' दोन्ही आहेत, शेजारी 'स्वीप' आहे, आणि पुढे २४८ मध्ये 'मिअँडर' आणि 'वाइंड'. इथे रॉजे यांची साधा बाक आणि गुंतागुंतीचा बाक ही विभागणी थेट कामी येते. पंढरपूरचे वळण हे एकच, मोठे, डौलदार वळण आहे, म्हणून शब्द पहिल्या घरातून घ्यायचा: नदी तिथे 'स्वीप' करते, चंद्रकोर काढते. सपाट प्रदेशातून पुन्हा पुन्हा नागमोडी जाणाऱ्या नदीसाठी 'मिअँडर' राखून ठेवावा. हा शब्द मुळात पश्चिम तुर्कस्तानातल्या एका नदीचे नाव आहे. ग्रीक लोक तिला मायँड्रॉस म्हणत आणि आज ती ब्युयुक मेंदेरेस म्हणून ओळखली जाते. एका नदीचे नाव जगभरच्या नद्यांचे क्रियापद झाले. भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकात आपण त्याला नागमोडी वळण म्हणतो, आणि ती प्रतिमा मूळ शब्दापेक्षा अधिक बोलकी आहे असे माझे मत आहे.

शरीराचे वाकणे मात्र या सगळ्यांत सापडत नाही, आणि पहिल्यांदा शोधणारा गोंधळतो. काठी वाकते ते 'कर्व्हेचर'मध्ये. माणूस वाकतो ते ३०८ व्या 'डिप्रेशन'मध्ये, म्हणजे खाली जाण्याच्या किंवा खाली नेण्याच्या विषयात. 'स्टूप', 'बाउ', 'क्राउच', 'डक', 'नील', 'काउअर' हे तिथले शब्द, आणि नामांच्या यादीत 'ओबेसन्स'च्या बरोबरीने चिनी 'काउटाउ' आणि आपल्या ओळखीचा 'सलाम' हेही बसलेले आहेत. रॉजे यांचा तर्क असा, की माणूस वाकतो तेव्हा त्याच्या आकारापेक्षा त्याची उंची बदलणे अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. प्रथम मला हा तर्क ओढून आणलेला वाटला होता. मजकुरांत तो लावून पाहिल्यावर पटला. सून वाकून नमस्कार करते, शेतकरीण ओणवी होऊन भात लावते, बुटका दरवाजा पाहून पाहुणा मान लववतो, भांडणात दगड आला म्हणून पोरगा चटकन खाली होतो. यांपैकी पहिल्याला 'बाउ', दुसऱ्याला 'स्टूप' किंवा 'बेंड ओव्हर', तिसऱ्याला आणि चौथ्याला 'डक', आणि प्रत्येक ठिकाणी पाठीच्या बाकापेक्षा माणूस का आणि कोणासमोर खाली झाला हेच शब्द ठरवते. आपल्याकडचा साष्टांग नमस्कार यातल्या कोणत्याही शब्दात मावत नाही. त्यासाठी 'प्रॉस्ट्रेट' घ्यावा आणि एक वाक्य खर्चून तो समजावून सांगावा.

एका ठिकाणी हा ग्रंथ मला खरोखर कमी पडलेला वाटतो. आपल्याकडे शाळकरी मुलालाही परिवलन आणि परिभ्रमण यांतला फरक शिकवतात: पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. इंग्रजी खगोलशास्त्रातही 'रोटेट' आणि 'रिव्हॉल्व्ह' यांच्यात हाच भेद पाळतात. रॉजे यांच्या ३१२ व्या विषयात मात्र दोन्ही शब्द एकाच ओळीत, शेजारी-शेजारी आहेत. रोजच्या इंग्रजीत ते चालते, कारण हॉटेलाचा फिरता दरवाजा स्वतःच्या आसाभोवती फिरत असूनही 'रिव्हॉल्व्हिंग'च म्हणवतो. तरीही विज्ञानाचा मजकूर लिहिणाऱ्याला एखादी खूण, एखादा स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम तरी हवा होता. अशीच तक्रार 'यॉ' (नाक डावीउजवीकडे वळणे), 'रोल' (बाजूंवर कलणे) आणि 'पिच' (नाक वरखाली होणे) यांच्याबाबत करता येईल. विमानाच्या किंवा जहाजाच्या तीन अक्षांभोवतीच्या या तीन हालचाली आज एकत्रच शिकवल्या जातात. विषयांच्या जुन्या चौकटीत 'यॉ' वाट चुकण्याच्या घरात आणि 'रोल' फिरण्याच्या घरात गेला आहे, त्यामुळे त्यांचे नाते हरवते.

अशी तक्रार रॉजे यांच्याबाबत विशेष जाणवते, कारण ते स्वतः विज्ञानाचे माणूस होते. १७७९ साली लंडनमध्ये जन्मलेले रॉजे एडिंबरो विद्यापीठातून डॉक्टर झाले, पुढे दोन दशके रॉयल सोसायटीचे सचिव राहिले, गणिती गणनपट्टीत, म्हणजे स्लाइड रूलमध्ये, त्यांनी सुधारणा केली. आणि बाकाशी त्यांचे नाते शब्दांच्या फार आधीचे आहे. उभ्या गजांच्या कुंपणापलीकडून गाडीचे चाक घरंगळत गेले तर त्याचे सरळ आरे वाकलेले दिसतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यामागचे कारण सांगणारा निबंध १८२५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. डोळ्यांना दिसणारा बाक खरा की भासमान, हा प्रश्न ज्याने गणिताने सोडवला, त्याने साधा बाक, गुंतागुंतीचा बाक, वक्र गती, वर्तुळ गती आणि उलट गती अशी घरे पाडावीत यात नवल नाही. शब्दांचे हे वर्गीकरण त्यांनी स्वतःच्या वापरासाठी १८०५ मध्येच केले होते. प्रसिद्ध झाले तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. १८६९ साली ते वारले आणि नंतर मुलगा जॉन लुईस आणि नातू सॅम्युएल रॉमिली यांनी संपादनाचे काम पुढे चालवले.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी एक नोंद प्रस्तावनेत आहे. अर्थानुसार शब्द लावण्याचे आपल्याआधी कोणी प्रयत्न केले हे सांगताना रॉजे यांनी सर्वांत जुना ग्रंथ म्हणून अमरसिंहाच्या अमरकोशाचे नाव घेतले आहे आणि कोलब्रुक यांनी केलेले त्याचे भाषांतर १८०८ साली सेरामपूरला छापले गेल्याचे नमूद केले आहे. आपल्या घरांत आजोबा ज्या श्लोकांची पाठांतरे करत, त्यांची रचना याच तत्त्वावर होती. फरक इतकाच की अमरकोश पाठ करायचा असतो आणि थिसॉरस चाळायचा.

आता वापराविषयी. मराठी शब्दापासून सुरुवात करणाऱ्याने थेट थिसॉरस उघडू नये, असा माझा सल्ला आहे. आधी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती आंतरजालावर शोधता येते आणि हालचालींच्या मराठी शब्दांचे तिथले अर्थ अजूनही सुंदर आहेत. तिथून एक-दोन इंग्रजी शब्द मिळाले की ते थिसॉरसच्या शेवटच्या सूचीत पाहावेत. सूची हेच या ग्रंथाचे प्रवेशद्वार आहे; 'ट्विस्ट'सारख्या शब्दाखाली अर्थागणिक निरनिराळे क्रमांक दिलेले असतात, आणि आपला अर्थ पीळ घालण्याचा, आकार बिघडण्याचा की वळणावळणाने जाण्याचा हे तिथेच ठरवावे लागते. त्या क्रमांकावर जाऊन यादीतील तीन-चार शब्द वहीत उतरवावेत आणि मग प्रत्येक शब्द ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा तशाच एखाद्या विद्यार्थी-शब्दकोशात उदाहरणांसह तपासावा. विद्यार्थी-शब्दकोश कर्ता कोण असतो, कर्म लागते का, पुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते हे सांगतो, आणि थिसॉरसमध्ये नेमके तेच नाही. ही तीन पुस्तकांची वाट लांबची आहे, पण घाईघाईने संगणकावर मिळणाऱ्या समानार्थी शब्दांच्या यादीपेक्षा ती कितीतरी विश्वासाची आहे.

थिसॉरस फुकट हवा असेल तर अमेरिकेत १९११ साली निघालेल्या आवृत्तीचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे आणि या परीक्षणातील क्रमांक त्याच परंपरेतले आहेत. शोध घेण्यास तो सोपा आहे, कालबाह्य शब्दांपुढे तशी खूणही आहे; मात्र दोन स्तंभांची समोरासमोरची मांडणी तिथे उरत नाही, आणि मोटारी व विमाने यांच्या काळातील 'यू-टर्न'सारखे शब्द मूळ छापील आवृत्तीत असणे शक्यच नव्हते. रोजच्या कामासाठी अलीकडची छापील आवृत्ती घ्यावी. १९६२ च्या सुधारित आवृत्तीपासून विषयांची संख्या ९९० झाली आणि क्रमांक थोडे सरकले, त्यामुळे जुन्या व नव्या प्रतींचे क्रमांक एकमेकांशी जुळवत बसू नये.

शेवटी खरेदीतली एक अडचण. रॉजे यांचे नाव आज अनेक प्रकाशक अनेक पुस्तकांवर छापतात आणि त्यांतली कित्येक पुस्तके साध्या अकारविल्हे लावलेल्या समानार्थी शब्दांच्या याद्या असतात. त्यांत विषयांची मांडणी नाही, विरुद्ध कल्पनांच्या जोड्या नाहीत, आणि वर सांगितलेला एकही उपयोग त्यांतून होत नाही. म्हणून दुकानात प्रत हातात घेतली की वेष्टनावर न जाता मधले पान उघडावे. 'रोटेशन'च्या पाठोपाठ उलगडण्याचे शब्द आणि त्यानंतर झुलण्याचे शब्द आले तर ती प्रत घ्यावी. तिथे 'रोटेशन'नंतर 'रॉटन' आला तर ती परत फळीवर ठेवावी.